हेन्री अर्व्हिंगचा पत्रव्यवहार : वाचायचा कसा, तारीख कशी लावायची, पत्र कोणी लिहिलं हे कसं ठरवायचं

दप्तरदार

इंग्रज नट हेन्री अर्व्हिंग (१८३८–१९०५) याच्यावर मराठीत जेव्हा जेव्हा लिहिलं जातं, तेव्हा 'द बेल्स'मधला मॅथायस, १८७४ चा दोनशे प्रयोगांचा हॅम्लेट आणि १८९५ ची सरदारकी, एवढ्यावर गाडी थांबते. त्याने लंडनचं लायसियम थिएटर १८७८ च्या अखेरीपासून वीस वर्षं स्वतः चालवलं ते कसं, हे मात्र त्याच्या पत्रांतच दिसतं. नट, नेपथ्यकार, संगीतकार, दुसऱ्या थिएटरांचे मालक आणि स्वतःच्याच कंपनीतले लोक यांच्याशी चाललेला हा व्यवहार आहे. बराचसा कामाचा आहे : तालमीची वेळ, पास, पगार, दौऱ्याची गाडी, पडदे रंगवण्याची मुदत. म्हणूनच तो मोलाचा आहे.

ही पत्रं एका जागी नाहीत. मोठा भाग नातू लॉरेन्स अर्व्हिंग याच्या संग्रहातून लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या रंगभूमी विभागाकडे आला. त्याचा व्यवस्थापक ब्रॅम स्टोकर याच्याशी संबंधित कागद स्ट्रॅटफर्डला आणि लीड्स विद्यापीठाच्या ब्रॉदर्टन ग्रंथालयात आहेत, काही वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयात आहेत. अर्व्हिंगच्या पत्रव्यवहाराची सूची ऑनलाइन झाल्यापासून घरबसल्या बरंच शोधता येतं. पण सूचीतली दोन ओळींची नोंद म्हणजे पत्र नव्हे. पत्र समोर आलं, निदान त्याचा फोटो आला, की खरे प्रश्न सुरू होतात.

पहिला प्रश्न अक्षराचा. अर्व्हिंगचं अक्षर त्याच्या हयातीतच वाईट म्हणून प्रसिद्ध होतं. मोडी वाचणाऱ्याला ही जात ओळखीची वाटेल : अक्षर सुटं वाचायचं नाही, शब्दाचा आकार आणि संदर्भ मिळून वाचायचा. माझ्या मते क्रम असा ठेवावा.

आधी मायना आणि शेवट वाचा. तिथले शब्द ठरलेले असतात, त्यामुळे मोठा डी, मोठा वाय, दुहेरी एस, शब्दाच्या शेवटचा वाय हे आकार खात्रीने हाती लागतात. मग नावं शोधा : नाटकांची, गावांची, माणसांची. त्या हंगामात लायसियमला कोणतं नाटक होतं आणि त्यात कोण होतं याची यादी शेजारी ठेवा. शेवटी मधला मजकूर. जो शब्द लागत नाही तिथे चौकटी कंसात जागा सोडा, अर्थाला बसेल असा शब्द घालू नका. पुढचा वाचक तुमचा अंदाज मूळ मजकूर समजून उतरवतो आणि मग ती चूक पुस्तकापुस्तकातून फिरत राहते. अशी एकदा छापली गेलेली चूक निघणं फार कठीण.

दुसरं म्हणजे कागदाची घडी. त्या काळचा टिपणकागद म्हणजे एकच ताव मधोमध दुमडून केलेली चार पानं. लिहिणारा नेहमी १, २, ३, ४ या क्रमाने जात नाही. पहिलं पान झालं की पुष्कळदा शाई वाळेपर्यंत थांबायला नको म्हणून थेट तिसऱ्यावर जातो, मग ताव उघडून दुसऱ्यावर येतो. कधी आतली दोन्ही पानं मिळून आडवं लिहिलेलं असतं. फोटोंच्या क्रमाने वाचलं तर वाक्य मध्येच तुटतं आणि पत्र अर्धवट आहे असा समज होतो. तुटलेल्या वाक्याचं दुसरं टोक आधी शोधावं, पान गहाळ आहे असा निष्कर्ष त्यानंतर.

तारखेबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहितो.

मृण्मयी

फार उपयोगी सुरुवात. एक भर : लिलावात आणि जुन्या आल्बमांत अर्व्हिंगच्या नुसत्या कापलेल्या सह्या पुष्कळ येतात. सही जमवणाऱ्यांनी पत्राचा तळ कात्रीने कापला, आणि सहीच्या मागच्या बाजूला असलेल्या दोन-तीन ओळीही तिच्याबरोबर गेल्या. अशी पट्टी हाती आली तर मागची बाजू जरूर पाहावी. तिथल्या अर्ध्या वाक्यावरून उरलेलं पत्र दुसऱ्या संग्रहात सापडू शकतं. आणि एखाद्या पत्राचा तळ कापलेला असेल तर सूचीत तसं स्पष्ट लिहावं, 'सही नाही' एवढंच नको. सही न करणं आणि सही कापली जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दप्तरदार

मृण्मयीताई, अगदी बरोबर.

आता तारीख. अर्व्हिंग आणि त्याच्या भोवतालचे लोक पुष्कळदा फक्त वार लिहितात : 'लायसियम, गुरुवार'. लंडनात तेव्हा दिवसातून अनेकदा टपाल वाटलं जाई. सकाळी टाकलेलं पत्र दुपारी पोचत असताना वर्ष लिहिण्याची गरज कोणाला वाटणार?

एक खरं उदाहरण घेऊ. अर्व्हिंगने नटी एलन टेरीला पाठवलेलं एक छोटं पत्र तिने आपल्या आठवणींत छापलं आहे. येत्या मंगळवारी दोन वाजता भेटायला येतो, एवढंच त्यात आहे. पत्ता १५ए ग्राफ्टन स्ट्रीट, तारीख २० जुलै १८७८. सरावासाठी समजा की वर्ष पुसलं गेलं आहे आणि वर फक्त 'शनिवार, २० जुलै' आहे.

२० जुलैला शनिवार कधी येतो? अर्व्हिंगच्या कीर्तीच्या काळात १८७२, १८७८, १८८९, १८९५ आणि १९०१. पाच वर्षं उरली. पत्ता ग्राफ्टन स्ट्रीटचा आहे, आणि १८९९ मध्ये त्याने ते घर सोडून १७ स्ट्रॅटन स्ट्रीटला बिऱ्हाड हलवलं, म्हणून १९०१ गेलं. १८ जुलै १८९५ ला विंडसरला त्याला सरदारकी मिळाली. दोनच दिवसांनी लिहिलेल्या पत्रात त्या धामधुमीची काहीच खूण नसणं अवघड. शिवाय मायना 'प्रिय मिस टेरी' असा औपचारिक आहे, आणि भेटीला येण्याची परवानगी मागितल्यासारखी भाषा आहे. १८८९ किंवा १८९५ मध्ये, रोज एकत्र तालीम करणाऱ्या जोडीदार नटीला कोणी असं लिहीत नाही. १८७२ मध्ये तिला रंगभूमीपासून दूर गेल्याला चार वर्षं होत आली होती. उरलं १८७८. त्या डिसेंबरच्या ३० तारखेला अर्व्हिंगच्या स्वतःच्या व्यवस्थापनाखाली 'हॅम्लेट'ने लायसियम उघडलं आणि ओफेलिया एलन टेरी होती. म्हणजे हे पत्र त्या करारापूर्वीच्या भेटीचं.

एकट्या वार-तारखेने काम होत नाही, एकट्या पत्त्यानेही नाही. दोन-तीन स्वतंत्र खुणा एकाच वर्षावर आल्या तरच वर्ष लिहावं, आणि तेही चौकटी कंसात.

दुसरं उदाहरण कल्पित घेतो. 'लायसियम, गुरुवार. चर्चच्या प्रवेशाची तालीम शनिवारी अकराला. फोर्ब्स-रॉबर्टसनला कळवलं आहे. बुधवारी उघडतो.' चर्चचा प्रवेश म्हणजे 'मच अडू अबाउट नथिंग'. लायसियमला ते बुधवारी ११ ऑक्टोबर १८८२ ला उघडलं आणि फोर्ब्स-रॉबर्टसन क्लॉडिओ होता. म्हणजे गुरुवार ५ ऑक्टोबर. इथे फसायला होतं ते असं : हे नाटक नंतरही पुन्हा उभं राहिलं. नुसत्या नाटकाच्या नावावर तारीख लावली असती तर काही वर्षं पुढे-मागे गेलो असतो. पात्रयोजना आणि शुभारंभाचा वार यांनी ती पक्की होते.

हाताशी ठेवण्यासारख्या शुभारंभाच्या तारखा :
'मर्चंट ऑफ व्हेनिस' १ नोव्हेंबर १८७९
'द कप' ३ जानेवारी १८८१
अमेरिकन नट बूथबरोबरचा 'ऑथेल्लो' २ मे १८८१
'रोमिओ अँड ज्युलिएट' ८ मार्च १८८२
'फाउस्ट' १९ डिसेंबर १८८५
'मॅकबेथ' २९ डिसेंबर १८८८
'हेन्री आठवा' ५ जानेवारी १८९२
'किंग लियर' १० नोव्हेंबर १८९२
'बेकेट' ६ फेब्रुवारी १८९३
'किंग आर्थर' १२ जानेवारी १८९५
'सिंबेलीन' २२ सप्टेंबर १८९६
'रिचर्ड तिसरा' १९ डिसेंबर १८९६
'कोरिओलेनस' १५ एप्रिल १९०१

शेवटच्याबद्दल एक सावधगिरी. चित्रकार आल्मा-टाडेमाला 'कोरिओलेनस'ची चित्रं करायला सांगितलं होतं ते प्रयोगाच्या सुमारे वीस वर्षं आधी. रोमन मंदिरांचा, अंगरख्यांच्या चुण्यांचा उल्लेख दिसला म्हणून पत्र १९०० च्या आसपासचं असं धरू नका.

टाक_दौत

पाकीट टिकलं असेल तर तिकिटाकडे दुर्लक्ष करू नये. एक पेनीचं जांभळं तिकीट जुलै १८८१ मध्ये आलं. पहिल्या छपाईत प्रत्येक कोपऱ्यात चौदा ठिपके होते, त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून सोळा. भिंग घेऊन मोजता येतात. सोळा ठिपके असतील तर पत्र डिसेंबर १८८१ च्या आधीचं असूच शकत नाही. चौदा असले तर मात्र 'नंतरचं नाही' असं म्हणता येत नाही, कारण घरातली शिल्लक तिकिटं लोक पुढेही वापरत. सातव्या एडवर्डच्या चेहऱ्याची तिकिटं १ जानेवारी १९०२ पासून.

मात्र पाकीट त्याच पत्राचं आहे याची खात्री करा. विक्रेते आणि संग्राहक पत्रं भलत्याच पाकिटात घालून ठेवतात. घडीचा आकार पाकिटात नीट बसतो का, शाई तीच आहे का, हे पाहावं. काळ्या किनारीचा कागद दिसला तर सुतकाचा काळ आहे, पण तो लिहिणाऱ्याच्या घरचा. अर्व्हिंगला आलेल्या पत्रावर काळी किनार असेल तर पाठवणाऱ्याच्या घरी कोण वारलं ते शोधायचं.

तारांचं वेगळं. तार ही तारखेच्या दृष्टीने सगळ्यात भरवशाची, कारण फॉर्मवर कचेरीचा शिक्का आणि वेळ असते. पण हाती येणारा कागद पोचलेल्या टोकाच्या कारकुनाने लिहिलेला असतो. अक्षर अर्व्हिंगचं नव्हे, स्पेलिंगच्या चुकाही त्याच्या नव्हेत. आणखी एक : ऑक्टोबर १८८५ पर्यंत एका शिलिंगात वीस शब्द जात आणि पत्ता फुकट होता. त्यानंतर सहा पेन्सात बारा शब्द झाले, पण पत्त्याचे शब्दही त्यात मोजले जाऊ लागले. म्हणून १८८५ नंतरच्या तारा एकदम तुटक होतात, सहीला नुसतं 'अर्व्हिंग' उरतं. त्या तुटकपणावरून रागाचा किंवा दुराव्याचा अर्थ काढू नये. तो दराचा परिणाम आहे.

सातारकर

एक मूळ शंका. ही पत्रं खरोखर अर्व्हिंगने लिहिली का? स्टोकरने असं लिहून ठेवलं आहे की अर्व्हिंगच्या नावाने त्याने स्वतः लिहिलेल्या पत्रांची संख्या अडीच लाखांपेक्षा पाच लाखांच्या जवळ जाईल. मग 'अर्व्हिंग म्हणतो' असं आपण कशाच्या आधारावर लिहायचं?

दप्तरदार

या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुम्ही विचारलात.

ब्रॅम स्टोकर १८७८ च्या डिसेंबरपासून अर्व्हिंगच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे सुमारे सत्तावीस वर्षं, अर्व्हिंगचा व्यवहार सांभाळत होता. पाच लाख धरले तर रोज पन्नासच्या आसपास पत्रं होतात, तीही रविवार धरून. पासांच्या चिठ्ठ्या, नकाराच्या ठरावीक ओळी हे सगळं त्यात मोजलं तर आकडा मोठा असला तरी अशक्य वाटत नाही. त्याशिवाय एल. एफ. ऑस्टिन हा चिटणीस मसुदे करी. रंगमंचाची व्यवस्था हॅरी लव्हडेकडे होती, आणि तालमीच्या निरोपांत त्याचाही हात असे.

माझी शिफारस अशी की प्रत्येक पत्र चारांपैकी एका वर्गात घालावं. मजकूर आणि सही दोन्ही अर्व्हिंगच्या हातची. मजकूर दुसऱ्याचा, सही त्याची. मजकूर आणि सही दोन्ही दुसऱ्याच्या हातची, पण त्याच्या नावाने. आणि टंकलिखित, ज्यात सही त्याची आहे की नाही हे वेगळं पाहायचं. पहिल्या वर्गाला 'अर्व्हिंग लिहितो' म्हणा. दुसऱ्याला 'अर्व्हिंगच्या सहीने गेलेलं पत्र'. तिसऱ्याला 'अर्व्हिंगच्या नावाने लायसियमच्या कचेरीतून'. कंटाळवाणं वाटतं, पण हा फरक पुसला तर त्याच्या स्वभावाबद्दलची अर्धी विधानं पोकळ ठरतात.

कसं ओळखायचं? दुसऱ्या वर्गात मजकूर आणि सही यांची शाई वेगळी असते, टाकाची जाडी वेगळी असते. ता.क. पुष्कळदा खुद्द अर्व्हिंगचा असतो, कारण सही करताना त्याला काही सुचलं की तो तिथेच लिहिणार. म्हणून चिटणिसाच्या हातच्या पत्रातला सहीखालचा मजकूर आधी वाचा.

भाषेवरून ओळखण्याचा मोह मात्र आवरावा. सुबक, तोललेली, लांब वाक्यं म्हणजे चिटणीस आणि तुटक म्हणजे अर्व्हिंग, हा ठोकताळा बऱ्याचदा बरोबर निघतो. पण तो पुरावा नाही.

विंगेतून

याच मुद्द्यावर नाटककार आणि समीक्षक बर्नार्ड शॉचं प्रकरण आठवतं. शॉने 'द मॅन ऑफ डेस्टिनी' हे छोटं नाटक अर्व्हिंगकडे दिलं होतं. १९ डिसेंबर १८९६ च्या 'रिचर्ड'वर शॉने 'सॅटर्डे रिव्ह्यू'मध्ये जे लिहिलं त्यातून, त्या रात्री अर्व्हिंग शुद्धीत नव्हता असा अर्थ निघतो अशी लायसियमची समजूत झाली. १८९७ च्या वसंतात नाटक परत आलं, आणि तुमची एकही समीक्षा मी आयुष्यात वाचलेली नाही, अशा अर्थाचं पत्रही गेलं. अर्व्हिंगच्या तिखटपणाचा नमुना म्हणून ते वाक्य पुन्हा पुन्हा उद्धृत होतं. माझं मत असं की ते उद्धृत करणाऱ्याने आधी मसुदा कोणाचा याची चर्चा करावी. निर्णय अर्व्हिंगचा होता यात शंका नाही, शब्द त्याचे होते हे सिद्ध करावं लागेल.

आणि या प्रकरणाची दुसरी बाजू त्याच वेळी एलन टेरी आणि शॉ यांच्या पत्रांत चालू होती. 'सिंबेलीन'च्या वेळी, सप्टेंबर १८९६ मध्ये, शॉ तिला त्यातली नायिका इमोजेन कशी करावी याच्या सूचना पाठवत होता, आणि ती लायसियमच्या आतली बाजू त्याला सांगत होती. ती पत्रं १९३१ मध्ये छापली गेली. एकाच घटनेवरचा तीन कोनांतला असा पत्रव्यवहार त्या काळच्या रंगभूमीबद्दल क्वचितच मिळतो. तिन्ही बाजू तारीखवार एका तक्त्यात मांडल्या तर कोणाला काय आधी माहीत होतं हे स्पष्ट दिसतं. ते केल्याशिवाय कोणाची बाजू घेऊ नये.

मृण्मयी

स्थळप्रतींबद्दल कोणी लिहाल का? पाठवलेल्या पत्राची नक्कल पाठवणाऱ्याकडे कशी राहायची?

टाक_दौत

त्या काळच्या कचेऱ्यांत याचं ठरलेलं तंत्र होतं. पातळ, जवळजवळ पारदर्शक कागदाची बांधीव वही असे, बहुधा पाचशे किंवा हजार पानांची, पुढे नावांची अनुक्रमणिका. पत्र खास नकलेच्या शाईने लिहायचं. वहीच्या कोऱ्या पानाखाली तेलकट कागद ठेवायचा, म्हणजे ओल खालच्या पानांना जात नाही. पातळ पान ओल्या ब्रशने ओलवायचं, टिपकागदाने जादा पाणी टिपायचं, त्यावर पत्र मजकुराची बाजू लावून ठेवायचं, वर आणखी एक तेलकट कागद. वही मिटून लोखंडी मळसूत्री दाबयंत्रात मिनिट-दोन मिनिटं दाबायची. शाई पातळ पानावर उलटी उमटते आणि पान दुसऱ्या बाजूने वाचलं की सुलटी दिसते.

बिघडतं कुठे? पाणी जास्त झालं तर अक्षरं पसरतात आणि मूळ पत्रही डागाळतं. कमी झालं तर नक्कल मधेमधे पुसट, विशेषतः कडांना. लिहून बराच वेळ झालेला असेल तर शाई बसते आणि उतरत नाही. दुसऱ्याच्या हाताने लिहिलेलं पत्र आणि नंतर साध्या शाईने केलेली सही असेल तर नकलेत मजकूर ठळक येतो आणि सही येतच नाही. त्यावरून 'पत्र सहीविना गेलं' असं म्हणता येणार नाही.

वाचताना पानामागे कोरा पांढरा कागद सरकवावा, नाहीतर पुढच्या तीन-चार पानांचा मजकूर एकत्र दिसतो. उलट, हाती आलेल्या मूळ पत्रावर सगळ्या ओळी सारख्याच किंचित फुटलेल्या दिसत असतील तर त्याची नक्कल काढली गेली होती, म्हणजे ते कचेरीतून गेलेलं पत्र असण्याचा संभव जास्त. अर्व्हिंगने घरी बसून स्वतः लिहिलेल्या चिठ्ठ्यांवर ही खूण सहसा अपेक्षित नाही.

नेपथ्य

नावांच्या घोटाळ्याबद्दल लिहितो, कारण सूच्यांमध्ये सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

अर्व्हिंगचा थोरला मुलगा हेन्री ब्रॉड्रिब अर्व्हिंग (१८७०–१९१९) हाही नट आणि व्यवस्थापक. तो 'एच. बी. अर्व्हिंग' अशी सही करी. घाईतल्या सहीत मधला बी बुडाला की पत्र बापाच्या नावावर जातं. तारीख १९०५ नंतरची असेल तर प्रश्नच नाही, पण १८९१ ते १९०५ या काळात सांभाळा. धाकटा मुलगा लॉरेन्स (१८७१–१९१४) नट आणि नाटककार, 'एम्प्रेस ऑफ आयर्लंड' बोटीच्या अपघातात गेला. नातू लॉरेन्स (१८९७–१९८८) नेपथ्यकार, आणि आजोबांचं मोठं चरित्र त्याचं. संग्रह नातवाचा, पत्र मुलाचं, सूचीत नाव एकच.

'मिस टेरी' म्हटलं की एलनच असं नाही. केट, मॅरियन, फ्लॉरेन्स या बहिणीही रंगभूमीवर होत्या, आणि एडवर्ड टेरी हा विनोदी नट त्या घराण्यातला नव्हेच. त्यात विल्यम टेरिस हा लायसियमचा नट : वाईट अक्षरात टेरिस आणि टेरी एकसारखे दिसतात. टेरिसचा खून १६ डिसेंबर १८९७ ला अडेल्फी थिएटरच्या दाराशी झाला, त्यामुळे त्यानंतरच्या पत्रात जिवंत माणसासारखा 'टेरिस' दिसला तर वाचन चुकलं असं खुशाल समजा.

'मिसेस बेटमन' म्हणजे सिडनी बेटमन, जिच्याकडून १८७८ मध्ये लायसियम अर्व्हिंगकडे आलं. 'मिस बेटमन' मात्र केट, इझाबेल किंवा व्हर्जिनिया यांपैकी कोणीही.

आणि कंपनीतले लोक अर्व्हिंगला 'चीफ' किंवा 'गव्हर्नर' म्हणत. एलन टेरीच्या कागदांत तो 'एच. आय.' असतो. लव्हडे किंवा स्टोकर यांच्या चिठ्ठ्यांत 'चीफने सांगितलं' असेल आणि सूची बनवणाऱ्याने ते अर्व्हिंगखाली नोंदवलं नसेल, तर नावाने शोधून काहीच हाती लागत नाही. म्हणून शोध नावाने करा, मग स्टोकर आणि लव्हडे यांची सगळी पत्रं वेगळी चाळा.

सातारकर

पैशाच्या उल्लेखांचं काय? गिनी, शिलिंग, बेनिफिट यांत मी अडखळतो.

विंगेतून

वीस शिलिंगांचा पौंड, बारा पेन्सांचा शिलिंग. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. नटांचा, चित्रकारांचा, डॉक्टरांचा मोबदला गिनीत सांगायची रीत होती. एलन टेरी लायसियमला आली ती आठवड्याला चाळीस गिनींवर, म्हणजे बेचाळीस पौंड, शिवाय अर्धा बेनिफिट. बेनिफिट म्हणजे ज्याचं उत्पन्न नटाला मिळतं असा खेळ. आपल्या नाटकमंडळ्यांतही तो असे, तीच कल्पना. पण 'अर्धा' हा शब्द कधीही सोडून देऊ नका. खर्च वजा करून उरलेल्या उत्पन्नाचा अर्धा भाग आणि पूर्ण उत्पन्न यांत फार अंतर पडतं.

रक्कम आठवड्याची, प्रयोगाची की हंगामाची, हे पत्रात पुष्कळदा लिहिलेलं नसतं कारण दोघांनाही माहीत असतं. अशा ठिकाणी तुलनेला दुसरं पत्र मिळेपर्यंत वार्षिक उत्पन्नाचं गणित मांडू नये. तिकिटांचे दरही पाहावेत. बूथबरोबरच्या 'ऑथेल्लो'ला स्टॉलचा, म्हणजे पुढच्या महाग खुर्च्यांचा, दर नेहमीच्या अर्ध्या गिनीवरून एक गिनी केला होता. दोघे आठवड्याआड ऑथेल्लो आणि इआगो यांची अदलाबदल करत. त्या मे-जूनमधल्या चिठ्ठीत 'आज मी इआगो' एवढं आलं तरी निम्मे आठवडे गाळता येतात.

मदतीच्या विनंत्या हा पैशाच्या पत्रांतला मोठा गठ्ठा आहे, आणि मला तो सगळ्यात जिव्हाळ्याचा वाटतो. थकलेले नट, विधवा, हंगाम बुडालेली छोटी कंपनी. नटांच्या मदतीसाठीचा ॲक्टर्स बेनेव्होलंट फंड १८८२ मध्ये निघाला आणि त्यात अर्व्हिंग पुढे होता. तरी खाजगी मदत चालूच राहिली. अशा पत्रांवर उत्तराची नक्कल बहुधा मिळत नाही. मदत गेली की नाही हे पुढच्या, आभाराच्या पत्रावरून कळतं. आलेल्या पत्रांचा गठ्ठा म्हणूनच तारखेने लावावा आणि शिवाय माणसाप्रमाणेही लावावा.

नेपथ्य

१८९८ ची आगही लक्षात ठेवा. १८ फेब्रुवारीला साउथवर्कमधल्या रेल्वेच्या कमानीखालचं पडद्यांचं गुदाम जळालं. चव्वेचाळीस नाटकांचं नेपथ्य गेलं. विमा होता सहा हजार पौंडांचा, नव्याने करायला तीस हजार लागतील असा अंदाज. हॉज क्रेव्हन, हार्कर, टेलबिन यांच्या हातचे पडदे होते ते. त्या तारखेनंतर जुनं मोठं नाटक पुन्हा उभं करण्याच्या विनंतीला नकार दिसला तर कारण इथे शोधा. त्याच वर्षीच्या शरदात ग्लासगोला तो फुप्फुसाच्या दुखण्याने आडवा झाला, आणि १८९९ मध्ये लायसियम एका कंपनीच्या ताब्यात गेलं. म्हणजे १८९८–९९ मधल्या पत्रांत 'आम्ही' म्हणजे कोण, अर्व्हिंग की नवे मालक, हे प्रत्येक ठिकाणी तपासावं लागतं.

मृण्मयी

हीच पद्धत आपल्या नाटकमंडळ्यांच्या पत्रांना लावता येईल का? किर्लोस्कर मंडळी १८८० ची, म्हणजे काळ तोच.

दप्तरदार

बरीचशी लावता येईल. पाव आण्याचं पोस्टकार्ड आपल्याकडे १ जुलै १८७९ पासून सुरू झालं. कार्डावर पाठवल्या गावाचा आणि पोचल्या गावाचा असे दोन शिक्के मिळतात, त्यामुळे इंग्रजी पत्रांपेक्षा आपलं काम सोपं. अडचण शकाची. शके अधिक ७८ हे गणित चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत चालतं. जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवावे लागतात. पौष, माघ, फाल्गुन या महिन्यांतली पत्रं याच कारणाने एक वर्ष मागे लागलेली दिसतात. तिथी आणि वार दोन्ही दिले असतील तर पंचांगावरून ताडून पाहावं. मुक्कामाचं गाव आणि त्या मुक्कामातली नाटकं यांचा तक्ता केला तर तो लायसियमच्या शुभारंभांच्या यादीचं काम करतो.

सातारकर

शेवटचा व्यावहारिक प्रश्न. फोटो मिळाला, वाचून झालं, भाषांतर केलं. छापता येतं का?

दप्तरदार

ब्रिटनमध्ये हस्तलिखित पत्रांबाबत एक जाळं आहे. अर्व्हिंग १९०५ मध्ये गेला म्हणून सगळं मुक्त झालं असं वाटतं. पण १ ऑगस्ट १९८९ पर्यंत कुठेही प्रसिद्ध न झालेल्या जुन्या पत्रांवरचा हक्क तिथे २०३९ च्या अखेरपर्यंत टिकतो. त्याच्या हयातीत किंवा स्टोकरच्या १९०६ च्या आठवणींत छापून आलेली पत्रं मोकळी आहेत. अप्रकाशित पत्र पूर्ण छापायचं असेल तर लिहिणाऱ्याच्या वारसाची परवानगी लागते, आणि संग्रहालयाने फोटो दिला म्हणजे ती परवानगी मिळाली असं होत नाही. संग्रहालयाकडून फोटो वापरण्याची परवानगी वेगळी. पत्र अर्व्हिंगला आलेलं असेल तर हक्क पाठवणाऱ्याच्या वारसांचा, अर्व्हिंगच्या नव्हे.

संग्रहालयाला लिहिताना नाटकाचं किंवा माणसाचं नुसतं नाव देऊ नका. सूचीतला पूर्ण क्रमांक, पानांची संख्या, पाकीट असल्यास त्याच्या दोन्ही बाजू, आणि कोऱ्या पानांचेही फोटो हवेत हे स्पष्ट लिहा. कोरं पान बहुतेक वेळा वगळलं जातं, आणि लव्हडेने पेन्सिलीने केलेली 'उत्तर दिलं' ही खूण नेमकी तिथे असू शकते.